तेलाचे देणे आणि मराठीची परिभाषा

पुण्याची मंडई 1886 साली उघडली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जात असे. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 1938 साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या वास्तूवर एवढा पैसा खर्च करण्यास जोतीरावांनी नगरपालिकेचे सभासद या नात्याने विरोध केला, तीच पुढे त्यांच्या नावाने ओळखली जावी, हा योगायोग पुणेकरांना ठाऊक आहे. त्यांच्या विरोधामागची दृष्टी मात्र फारशी ध्यानात घेतली जात नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव शहरात माळवे घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याची जी हकिकत सांगतात ती मुळात एका हिशेबाची हकिकत आहे. गाडी शेतातून निघाल्यापासून माल विकला जाईपर्यंत कोण, कोणत्या नावाने, काय घेतो आणि घरी परतताना हातात काय उरते, हा तो हिशेब होय. कराचे नाव वेगळे झाले म्हणजे करदात्याचे दुःख वेगळे होत नाही, हे जोतीरावांना दिसले होते. परंतु नाव वेगळे झाले की देणे कोणाच्या अंगावर पडते, हेही पुष्कळदा बदलते. त्या बाजूचा विचार मराठीत अद्याप पुरेसा झालेला नाही.

मंडईत वावरणाऱ्या माणसाला ही भेदबुद्धी उपजत असते. गाळ्याचे द्यावयाचे ते भाडे. माल विकून देणाऱ्याला द्यावयाची ती आडत. वजन करणाऱ्याची तोलाई. पाठीवरून माल नेणाऱ्याची हमाली. बाजार समितीकडे भरावयाची रक्कम कागदोपत्री ‘बाजार फी’ असली तरी व्यापाऱ्याच्या तोंडी ‘सेस’. शहराच्या वेशीवर घेतली जाणारी ती जकात. ती पुण्यातून 2013 साली गेली, परंतु शब्द गेला नाही. यांपैकी कोणतेही एक देणे दुसऱ्याच्या नावाने कोणी मागितले, तर तेथल्या तेथे तंटा उभा राहील. गाळ्याचे भाडे विक्री झाली नाही तरी द्यावे लागते. आडत विक्री झाली तरच लागते. जकात माल विकण्यापूर्वीच घेतली जाई. जागेचे, विक्रीचे आणि प्रवेशाचे देणे अशी ही तीन निरनिराळी तत्त्वे आहेत आणि बोलीने ती कोणत्याही अर्थशास्त्र्याच्या मदतीशिवाय वेगळी ठेवलेली आहेत.

याच कसोटीवर मराठीतील एका अगदी वेगळ्या विषयाचे लेखन तपासून पाहण्याजोगे आहे. तेलकंपन्या ज्या देशाच्या भूमीतून वा समुद्रातून तेल काढतात त्या देशाच्या सरकारला काय व कशाबद्दल देतात, हा तो विषय. वर्तमानपत्रांतील अग्रलेख, पाठ्यपुस्तकांतील प्रकरणे आणि शासकीय अनुवाद यांतून या देण्याविषयी जे लिहिले जाते त्यात ‘कर’, ‘शुल्क’, ‘महसूल’, ‘स्वामित्वधन’ आणि ‘वाटा’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. वाक्य डौलदार असते. अर्थ मात्र सांडून जातो. हा दोष केवळ शैलीचा नाही, हे तेलाच्या इतिहासातील काही प्रसंगांवरून उघड होते.

1901 साली विल्यम नॉक्स डार्सी याला इराणच्या शहाने साठ वर्षांची सवलत दिली. तीत रोख वीस हजार पौंड, तेवढ्याच किमतीचे भाग आणि दरसालच्या निव्वळ नफ्यापैकी शेकडा 16 एवढे देणे ठरले. मराठी परिभाषेत मांडावयाचे तर पहिली रक्कम नजराणा होय आणि शेवटची वाटा होय. वाट्याचे दुखणे जगात सर्वत्र एकच. पीक किती आले हे खळ्यावर दिसते, नफा किती झाला हे वहीत दिसते. आणि वही लिहिणारा दुसराच असतो. इराणला हे कळावयास फार दिवस लागले नाहीत. कोणत्या कंपनीचा नफा धरावयाचा, जहाजांच्या व शुद्धीकरणाच्या धंद्यातील नफा मोजावयाचा की नाही, यावर वाद माजला. आणि 1931 साली मंदीच्या तडाख्यात इराणची रक्कम एकदम कोसळली, तेव्हा पुढील वर्षी रेझा शहाने सवलतच रद्द केली. 1933 च्या नव्या करारात दर टनाला चार शिलिंग हा दर मुख्य झाला आणि भागधारकांना वाटावयाच्या रकमेत हिस्सा त्याला जोडला गेला. शेतकरी कुळांच्या भाषेत हा अर्धेलीकडून खंडाकडे झालेला प्रवास होय. खंडात पिकाच्या यशापयशाची जोखीम कुळावर राहते. अर्धेलीत मालक ती वाटून घेतो. 1948 चा कूळकायदा आणि 1957 चा कृषकदिन पाहिलेल्या महाराष्ट्राला हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि मराठीत इराणचे तेलप्रकरण सांगणारे लेखन दोन्ही करारांना सरसकट ‘रॉयल्टीचा करार’ म्हणून मोकळे होते आणि 1951 च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत घडलेल्या संघर्षाचे अर्धे कारण वाचकाच्या हाती लागतच नाही. अर्धे म्हणण्याचे कारण असे की, उरलेले अर्धे ब्रिटनच्या तिजोरीत होते. त्या काळात अँग्लो-इराणियन कंपनी इराणला जे देत असे त्याहून अधिक रक्कम ती ब्रिटिश सरकारला कराच्या रूपाने देत असे.

नावाच्या सामर्थ्याचे याहूनही मासलेवाईक उदाहरण सौदी अरेबियाचे आहे. तेथील आराम्को ही अमेरिकन मालकीची कंपनी प्रारंभी दर टनामागे ठरलेले स्वामित्वधन देई. 1950 च्या अखेरीस नफ्याची निम्मेनिम वाटणी ठरली. मात्र सौदी सरकारच्या पदरात वाढीव रक्कम पडली ती ‘प्राप्तिकर’ या नावाने. असे का? स्वामित्वधन हा कंपनीच्या दृष्टीने खर्च. तो नफ्यातून वजा होतो एवढेच. परकीय सरकारला दिलेला प्राप्तिकर मात्र अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे अमेरिकन प्राप्तिकरातून सरळ वळता करून घेता येई. म्हणजे सौदी तिजोरीत वाढलेली रक्कम बहुतांशी कंपनीच्या खिशातून गेली नाही. ती अमेरिकेच्या तिजोरीतून गेली. वाळवंट तेच, तेल तेच, पैसाही तोच. नाव बदलले आणि देणारा बदलला. शब्दार्थविचाराच्या अभ्यासकाला यापेक्षा बोलके उदाहरण क्वचित सापडेल. येथे शब्द वस्तूला मागाहून चिकटवलेली चिठ्ठी राहिलेला नाही. तो व्यवहाराचा एक घटक झाला आहे.

तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना 1960 साली बगदाद येथे स्थापन झाली. तिचा पहिला मोठा झगडा भावावर झाला असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु 1964 साली तिने कंपन्यांशी जो तोडगा काढला त्याचा गाभा एका क्रियापदात होता: स्वामित्वधन करातून ‘वळते’ करावयाचे की नफ्यातून ‘वजा’ करावयाचे? मराठी वाचकाला हे दोन शब्द जवळजवळ समानार्थी वाटतात. म्हणून आकड्यांनीच पाहणे बरे. तेलाचा जाहीर भाव 100, उत्पादनखर्च 20, स्वामित्वधन भावाच्या साडेबारा टक्के आणि प्राप्तिकर नफ्याच्या निम्मा, असे धरू. स्वामित्वधन करातून वळते केले तर नफा 80, कर 40, आणि त्या 40 मध्येच साडेबारा सामावलेले. सरकारला एकूण 40 मिळतात. तेच स्वामित्वधन खर्च म्हणून नफ्यातून वजा केले तर नफा साडेसदुसष्ट, कर 33.75, आणि त्याखेरीज साडेबारा वेगळे, एकूण 46.25. पहिल्या रीतीत स्वामित्वधन केवळ नावाचे उरते, कारण ते दिले काय किंवा न दिले काय, सरकारच्या पदरात 40 च पडतात. दुसऱ्या रीतीत मालकाचे देणे आणि राजाचे देणे ही दोन देणी ठरतात. कंपन्यांना काही सूट देऊन देशांनी ही दुसरी रीत मान्य करून घेतली. या वादाचे वृत्त देताना ‘रॉयल्टी वाढविली’ असे लिहिणे म्हणजे वादाचा मुद्दाच गाळणे होय. रॉयल्टीचा दर वाढलाच नव्हता.

आता ‘स्वामित्वधन’ या शब्दाकडे वळावयास हरकत नाही. गौण खनिजांविषयीच्या महाराष्ट्राच्या नियमांत तो रूढ आहे आणि मुळातल्या इंग्रजी शब्दापेक्षा एका बाबतीत सरसही आहे. इंग्रजी शब्द राजेपणाशी जोडलेला आहे. खाणीतील धातू राजाचा, या कल्पनेतून तो आला. मराठी शब्दातून राजा नाहीसा झाला आणि स्वामी, म्हणजे मालक, पुढे आला. हे देणे सत्तेमुळे घेतले जात नसून मालकीमुळे घेतले जाते, असे हा शब्द उघड सांगतो. शब्दाची उणीव त्याच्या उत्तरपदात आहे. ‘धन’ हे घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलेले नाव आहे. काय मोजून, किती वेळा आणि नफा होवो वा न होवो द्यावयाचे, याचा त्यात मागमूस नाही. खंड, आडत, तोलाई या शब्दांत तो आहे. शिवाय ग्रंथकाराला प्रकाशकाकडून मिळणाऱ्या रकमेलाही हाच शब्द लावण्याची रीत पडली आहे. ग्रंथ लिहून संपत नाही, पुन्हा छापता येतो. काढलेले तेल पुन्हा काढता येत नाही. संपणाऱ्या वस्तूच्या मालकाला मिळणारी भरपाई, ही खनिजाच्या स्वामित्वधनातील मूळ कल्पना या सरमिसळीत झाकली जाते.

मालकीबद्दल आणि सत्तेबद्दल द्यावयाच्या देण्यांतील हा भेद भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला पस्तीस वर्षे छळत होता. 1989 साली इंडिया सिमेंटच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाच्या निकालपत्रात ‘रॉयल्टी हा कर आहे’ अशा आशयाचे विधान आले. 2004 साली केसोराम खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने असे मत दिले की हे विधान अनवधानाने वा मुद्रणदोषाने तसे उमटले असून, अभिप्रेत विधान ‘रॉयल्टीवरील उपकर हा कर आहे’ असे होते. एक-दोन शब्द गळाले की राज्यांचे कोट्यवधी रुपयांचे हक्क गळतात, हे भाषाभ्यासकांनी वर्गात सांगावे असे उदाहरण आहे. मोठ्या पीठाचे वाक्य लहान पीठाने दुरुस्त करावे काय, हा पेच राहिलाच. तो 25 जुलै 2024 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सोडविला: रॉयल्टी हा कर नव्हे, खाणपट्टा घेणाऱ्याने पट्टा देणाऱ्याला द्यावयाचा तो कराराधिष्ठित मोबदला होय. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे भिन्नमत मात्र ती कराच्या स्वरूपाचीच आहे, असे होते. हे भिन्नमत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मालक आणि राजा जेथे एकच आहे, आणि दरही कायद्यानेच ठरतो, तेथे करार कोठे संपतो व हुकूम कोठे सुरू होतो, हे ठरविणे खरोखर कठीण आहे. खनिज तेल या निकालातील 1957 च्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याला 1948 चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु शब्द तोच असल्यामुळे विचारही तोच लागू पडतो.

‘शुल्क’ या शब्दाची स्थिती याहून शोचनीय आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्क म्हणजे मालावरील जकात. त्यावर शुल्काध्यक्ष नेमलेला. आजच्या राजभाषेत सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क हे कर आहेत, तर परवाना शुल्क आणि परीक्षा शुल्क या फिया आहेत. कर हा सेवेच्या मोबदल्याची अपेक्षा न ठेवता द्यावयाचा, आणि फी ही काही विशिष्ट सेवेबद्दल द्यावयाची, हा भेद 1954 सालच्या शिरूर मठाच्या खटल्यापासून भारतीय कायद्यात प्रतिष्ठित आहे. मराठी परिभाषाकारांनी तो एका भारदस्त तत्सम शब्दाखाली पुरून टाकला. येथे ‘फी’ हा परका शब्दच अधिक कामाचा होता. संस्कृत शब्द योजला म्हणजे विचार स्वच्छ झाला, अशी समजूत शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून आपल्याकडे चालत आलेली आहे. तिची तपासणी क्वचितच होते.

‘उपकर’ या शब्दाचे तेलापुरते उदाहरण बोधक आहे. उपकर म्हणजे ठराविक कामासाठी घेतलेला कर. 1974 च्या कायद्याने देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर असा उपकर बसला आणि तेलउद्योगाच्या विकासासाठी मंडळ स्थापन झाले. 2016 साली हा उपकर टनावरून मूल्यावर गेला आणि दर वीस टक्के झाला. परंतु मंडळाला त्यातून 1991-92 पर्यंत मिळाले ते सुमारे 902 कोटी रुपये. पुढच्या वर्षांत वसूल होत गेलेली प्रचंड रक्कम सर्वसाधारण तिजोरीतच राहिली. म्हणजे नावात ‘उप’ राहिला, प्रत्यक्षात निव्वळ कर उरला. मंडईतल्या सेसबद्दलही व्यापारी हेच गाऱ्हाणे करतात की, ज्या सोयींसाठी घेता त्या सोयी कोठे आहेत? तेथे हा प्रश्न विचारता येतो, कारण शब्दात तो विचारण्याची जागा आहे.

मुंबई हायच्या बाबतीत तर नावच दिशाभूल करते. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागरसम्राट’ने तेथे तेल शोधले, मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले, तेल नळाने उरणला येते. साहजिकच ‘महाराष्ट्राच्या तेलाचा पैसा दिल्लीला जातो’ हे वाक्य सभांतून ऐकू येते. परंतु हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर दूर आहे आणि संविधानाच्या 297 व्या अनुच्छेदानुसार तेथील संपत्ती संघराज्याची आहे. डिगबोईच्या तेलावर आसामला आणि अंकलेश्वरच्या तेलावर गुजरातला स्वामित्वधन मिळते, कारण ते तेल त्यांच्या जमिनीतले आहे. महाराष्ट्राला ते मिळत नाही. ही तक्रार करावयाची तर ती मालकीच्या वाटणीविरुद्ध करावी लागेल, कराच्या वाटणीविरुद्ध नव्हे. आणि त्या दोन्ही तक्रारींचे न्यायालयही वेगळे, उत्तरही वेगळे.

मुंबई हायच्या शेजारच्या पन्ना-मुक्ता व ताप्ती क्षेत्रांचा करार डिसेंबर 1994 मध्ये झाला. त्यात आधी कंपन्यांनी आपला खर्च तेलातून भरून घ्यावा आणि उरलेल्या नफ्यात सरकारचा वाटा असावा, अशी योजना होती. यावर मराठीत ‘उत्पादन वाटपाचा करार’ असे नाव रूढ झाले. नाव उत्पादनाचे, वाटणी मात्र खर्च वजा जाता उरणाऱ्याची! ज्या शेतमालकाने एकदा तरी बियाणे, खत आणि मजुरी कुळाने सांगितलेल्या आकड्याने वजा होताना पाहिली आहे, त्याला यातील घोळ सांगावा लागणार नाही. खर्च किती धरावयाचा यावरून पन्ना-मुक्ताचा वाद लवादापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षे चालला. 2016 च्या नव्या धोरणाने भारत सरकारने ही पद्धत सोडून महसुलातच वाटा घेण्याचे ठरविले. म्हणजे खळ्यावरच ढीग मोजावयाचा, वहीची वाट पाहावयाची नाही. कौटिल्याने ज्या खाणीचा खर्च राजाला जड जाईल ती वाट्याने किंवा खंडाने दुसऱ्याकडे द्यावी आणि हलकी असेल ती स्वतः चालवावी असे सांगितले आहे. दोन सहस्रकांनंतर नव्याने वाद झाला तो याच दोन पर्यायांवर.

राजस्थानातील बाडमेरचे प्रकरण याच मालिकेतले. तेथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा हिस्सा शेकडा 30 आणि केर्न कंपनीचा 70. परंतु स्वामित्वधन मात्र महामंडळ सर्वच्या सर्व भरीत असे. 2011 साली केर्नची मालकी वेदांताकडे जाताना सरकारने अट घातली की हे स्वामित्वधन भरून घ्यावयाचा खर्च म्हणून धरले जावे. दर वाढला नाही, वसुली वाढली नाही. एका रकमेचा रकाना बदलला आणि भार दोघांत वाटला गेला. गुजरातचा वाद आणखी निराळा. महामंडळाला केंद्राच्या आज्ञेने कच्चे तेल सवलतीने विकावे लागे. मग स्वामित्वधन मिळालेल्या भावावर की मिळावयास हव्या असलेल्या भावावर? 2013 साली गुजरात उच्च न्यायालयाने सवलतीपूर्वीच्या भावावर, असा निर्णय दिला. रुमालाखाली बोटे धरून ठरलेला भाव आणि उघड पुकारलेला भाव यांतील अंतर ज्या बाजारांनी शतकानुशतके अनुभवले, त्यांच्या भाषेला या वादासाठी शब्द उसने आणावे लागू नयेत.

आणि तसे ते लागतही नाहीत. पेशवाईच्या दप्तरात पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल देत आणि सारा वर्षावर्षाने चढवीत नेत. त्याला इस्तावा म्हणत. तेलक्षेत्राला उत्पादनाच्या प्रारंभी सात वर्षे प्राप्तिकर माफ करण्याची जी सवलत भारतात दिली गेली, तिचे वर्णन ‘करसुट्टी’ या कृत्रिम शब्दापेक्षा कौल या शब्दाने अधिक नेमके होते, कारण कौलात सवलतीबरोबर तिची मुदत आणि अट दोन्ही येतात. करार करताना एकदाच द्यावयाच्या रकमेला नजराणा म्हणता येते. वतनी व इनामी जमिनींच्या हस्तांतरात तो शब्द महाराष्ट्राच्या महसूल खात्यात आजही जिवंत आहे. क्षेत्र अडवून ठेवल्याबद्दलचे ते भाडे. टनावर ठरलेला तो खंड. नफ्यातला तो वाटा. सत्तेने घ्यावयाचा तो कर. या शब्दांवर सरंजामी काळाचा वास आहे असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. परंतु तेलाच्या सवलतींचा इतिहास पाहिला असता तो वास वस्तूलाच आहे.

महाराष्ट्राला स्वतःच्या सत्तेने तेलातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग पेट्रोल व डिझेल यांच्या विक्रीवरील मूल्यवर्धित करातून येतो. 2017 च्या वस्तू व सेवा करात ही इंधने अद्याप घेतलेली नाहीत. हा कर भरते कंपनी; सोसतो मात्र पंपावर उभा असलेला मनुष्य, आणि त्याच्यामागे पहाटे टेम्पोतून मंडईकडे माल आणणारा. ‘तेलकंपन्या सरकारला इतके कोटी कर देतात’ असे वाक्य जेव्हा मराठीत छापले जाते, तेव्हा त्या आकड्यात या टेम्पोचे पैसे, महामंडळाने मालकाला दिलेला खंड आणि भागधारक म्हणून सरकारला मिळालेला लाभांश हे सगळे ‘देतात’ या एकाच क्रियापदाखाली गोळा झालेले असतात.